उंदराच्या आतड्यानं मधुमेहाबद्दल काय शिकवलं

कोल्हापुरात शुगरचा विषय निघाला की बोलणं दोन जागांभोवती फिरतं. 'पोट सुटलं म्हणून शुगर लागली' नाहीतर 'इन्सुलिन कमी पडतंय'. दोन्ही बरोबर. पण गेल्या वीस-बावीस वर्षांत तिसरी एक जागा पुढं आली आहे, ती म्हणजे आतडं. ती पुढं आणण्यात सगळ्यांत मोठा वाटा प्रयोगशाळेतल्या उंदरांचा आहे.

हे लिहायचं कारण साधं आहे. 'वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन केलं की शुगर कायमची जाते म्हणे, खरं काय?' हा प्रश्न मला विद्यार्थ्यांचे पालक विचारतात, गल्लीतले लोक विचारतात. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला असे प्रश्न यायचेच. पण याचं उत्तर नुसतं 'हो' दिलं तरी फसवणूक होते आणि नुसतं 'नाही' दिलं तरी होते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर-इंडियाब) पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत. एवढ्या लोकांच्या आशेचा हा विषय असल्यानं तो मुळापासून समजून घेतलेला बरा. आणि त्याचं मूळ उंदरांवरच्या काही फार सुंदर रचलेल्या प्रयोगांत आहे.

आधी माणसांत काय दिसलं ते बघू. 1955 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढल्यावर काही रुग्णांचा मधुमेहही सुधारला. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पुढं वजन कमी करण्यासाठी बायपास ऑपरेशनं सुरू झाली आणि 1995 मध्ये वॉल्टर पोरीज या शल्यविशारदानं आपल्या रुग्णांचा मोठा हिशेब मांडला. त्याच्याकडच्या अतिलठ्ठ रुग्णांपैकी 146 जणांना टाइप 2, म्हणजे बहुतेकांना होतो तो नेहमीचा मधुमेह होता. ऑपरेशननंतर त्यातल्या 121 जणांची साखर औषधाविना नॉर्मल राहिली. वजन घटलं म्हणून शुगर उतरली, असं कोणीही म्हणेल. अडचण वेळेची होती. वजन उतरायला महिने लागतात. साखर मात्र कित्येक रुग्णांत काही दिवसांतच उतरत होती, वजनाचा काटा फारसा हललेला नसताना.

याचा उलगडा व्हायला ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते कळलं पाहिजे. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची, साधारण 30 मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात. मग लहान आतडं वरच्या बाजूला कापून त्याचं खालचं टोक वर आणतात आणि त्या पिशवीला जोडतात. खाल्लेला घास आता उरलेल्या जठरात जात नाही. जठराच्या लगतचा लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे ड्युओडेनम, त्यातही जात नाही. तो थेट पुढच्या आतड्यात उतरतो. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जुन्याच वाटेनं येतात आणि बऱ्याच खाली, वाय आकाराच्या सांध्यापाशी अन्नाला मिळतात. दुसरं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरते एक नळी. आतड्याला हात लावत नाहीत.

उसाला पाणी पाजणाऱ्याला बायपास चटकन कळेल. पाटाच्या तोंडाजवळच्या सऱ्यांना पाणी आधी आणि भरपूर मिळतं. शेवटच्या सऱ्यांपर्यंत पोचेतो त्यातलं बरंच मुरून गेलेलं असतं. आता तोंडाजवळची बारी बंद करून पाणी थेट मधून सोडलं, तर वरच्या सऱ्या कोरड्या राहतील आणि शेवटच्या सऱ्यांना पाणी लवकर आणि जास्त मिळेल. समजा त्यानंतर रान सुधारलं. मग श्रेय कशाचं? वरचा भाग कोरडा राहिला याचं, की शेवटाला पाणी पोचलं याचं? मधुमेहाच्या अभ्यासकांत नेमका हाच वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, अन्न ड्युओडेनमला लागलं की तिथून काहीतरी बिघाड सुरू होतो, तो बायपासनं थांबतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आतड्याच्या शेवटच्या भागाला अन्न लवकर मिळतं आणि तिथली हार्मोन्स कामाला लागतात. तिसरं, सगळ्यांत साधं म्हणणंही होतं: ऑपरेशननंतर माणूस जवळजवळ उपाशीच असतो, साखर उतरणारच.

माणसांत या तिन्ही गोष्टी एकदम घडतात. वजन घटतं, खाणं घटतं, वाटही बदलते. त्या एकमेकींपासून सोडवायच्या तर असा प्राणी हवा ज्याला मधुमेह आहे पण लठ्ठपणा नाही, आणि असं ऑपरेशन हवं ज्यात वाट बदलते पण जठर लहान होत नाही.

सडपातळ मधुमेही उंदीर

असा प्राणी जपानमध्ये तयार झालेला होता. 1970च्या दशकात सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात गोटो आणि काकिझाकी या संशोधकांनी साध्या विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांना साखर पाजली आणि रक्तातली साखर मोजली. ज्यांची साखर जास्त चढली त्यांचीच आपसात वीण केली. पिलांतही पुन्हा तीच निवड. पिढ्यामागून पिढ्या हे केल्यावर जी जात निघाली ती जन्मापासूनच मधुमेहाकडे झुकलेली होती, पण जाड नव्हती. तिला गोटो-काकिझाकी उंदीर म्हणतात. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. कारण लठ्ठ मधुमेही उंदीरही बरेच उपलब्ध होते. त्यांच्यावर ऑपरेशन करून काहीही निष्कर्ष काढला असता, तरी 'वजन घटलं म्हणून' ही शंका तशीच राहिली असती.

2004 साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात फ्रान्चेस्को रुबिनो आणि जाक मारेस्को यांनी या सडपातळ उंदरांवर ऑपरेशन केलं. शहराचा योगायोग बघण्यासारखा आहे. 1889 मध्ये याच स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं होतं आणि कुत्र्याला मधुमेह झाला होता. स्वादुपिंड आणि मधुमेह यांचं नातं जगाला कळलं ते तिथून. सव्वाशे वर्षांच्या आत त्याच गावातून आतड्याचं नाव पुढं आलं.

रुबिनोंनी उंदरांचं जठर पूर्ण तसंच ठेवलं. फक्त ड्युओडेनम आणि त्यापुढचा थोडा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला काढला. तुलनेसाठी इतर गट ठेवले. एका गटावर 'शॅम' ऑपरेशन केलं. पोट उघडायचं, भूल तेवढीच, कापाकापीचा त्रास तेवढाच, पण अन्नाची वाट बदलायची नाही. हा गट नसता तर सुधारणा वाट बदलल्यामुळं झाली की ऑपरेशनच्या धक्क्यामुळं, हे सांगता आलं नसतं. दुसऱ्या एका गटाला ऑपरेशन न करता मोजकं खाणं दिलं. वाट बदललेल्या उंदरांची साखर पचवण्याची क्षमता स्पष्ट सुधारली. त्यांच्या वजनात इतरांपेक्षा तसा फरक नव्हता. नुसतं कमी खाल्लेल्यांना तो फायदा मिळाला नाही.

या कामातली मेहनत वाचून लक्षात येत नाही. मोठा उंदीर म्हणजे पाव ते अर्धा किलोचा प्राणी. त्याचं आतडं काही मिलिमीटर रुंद. केसाएवढ्या बारीक धाग्यानं, भिंगातून बघत टाके घालावे लागतात. एक टाका सैल पडला तर आतड्यातली घाण पोटात पसरते, एक घट्ट बसला तर वाट बंद होते. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळं वाट तुंबली तर त्याची सुटकाच नाही.

वाट फिरवून पुन्हा जागेवर आणणं

2006 चा प्रयोग मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. प्रयोगाची रचना कशी असावी याचा तो नमुना आहे.

या वेळी रुबिनो आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांचे दोन मुख्य गट केले. पहिल्या गटात आधीसारखंच ड्युओडेनम वाटेतून काढलं. दुसऱ्या गटात ड्युओडेनम वाटेत राहू दिलं, पण जठराला खाली आणखी एक दार पाडून ते पुढच्या आतड्याला जोडलं. म्हणजे खालच्या आतड्याला अन्न लवकर मिळायची सोय झाली, पण ड्युओडेनमला अन्न लागणं थांबलं नाही. शेवटाला अन्न लवकर पोचणं एवढंच पुरेसं असेल, तर दोन्ही गट सुधारायला हवेत. सुधारला फक्त पहिला.

इथं बहुतेक लोक थांबले असते. त्यांनी दोन्ही गटांतल्या उंदरांवर पुन्हा ऑपरेशन केलं. जे सुधारले होते त्यांचं ड्युओडेनम परत वाटेत आणलं. मधुमेह परत आला. जे सुधारले नव्हते त्यांचं ड्युओडेनम वाटेतून काढलं. ते सुधारले. तोच प्राणी, तीच जनुकं, तेच स्वादुपिंड. वाट बदलली की साखर बदलते, वाट पूर्ववत केली की साखर पूर्ववत होते. एखादी गोष्ट कारण आहे हे दाखवायचा याहून खणखणीत मार्ग जीवशास्त्रात क्वचितच मिळतो. असा प्रयोग माणसावर करता येणार नाही, आणि करूही नये.

मग वाद मिटला का? नाही. दुसऱ्या बाजूकडंही तेवढाच भक्कम प्रयोग होता. उंदराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला एक तुकडा त्याच्या रक्तवाहिन्या आणि चेता शाबूत ठेवून कापला आणि वर, सुरुवातीच्या भागात नेऊन बसवला. जठराला धक्का नाही, ड्युओडेनम वाटेत आहे, आतड्याची एकूण लांबीही तेवढीच. फक्त शेवटचा तुकडा आता वर असल्यानं त्याला अन्न लगेच मिळतं. याही उंदरांत जीएलपी-1 हे हार्मोन वाढलं आणि साखरेवरचा ताबा सुधारला. मधुमेह होणारच अशा जातीच्या उंदरांत हे ऑपरेशन आधीच केलं, तर मधुमेहाची सुरुवात काही महिने पुढं गेली. जेमतेम दोन-तीन वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यात काही महिने म्हणजे बराच काळ.

जीएलपी-1 बद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज त्याच्या इंजेक्शनांची नावं सगळीकडे ऐकू येतात. तेवढीच साखर शिरेतून दिली तर स्वादुपिंड जेवढं इन्सुलिन सोडतं, त्यापेक्षा बरंच जास्त ती तोंडावाटे दिली तर सोडतं. हे 1960च्या दशकात दिसून आलं होतं. अर्थ असा, की अन्न पोचल्याची खबर आतडं स्वादुपिंडाला हार्मोनच्या रूपात देतं. जीएलपी-1 हे त्यातलं एक. ते बनवणाऱ्या पेशी आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त असतात. बायपास असो की स्लीव्ह, जेवणानंतरचं जीएलपी-1 कित्येक पटींनी वाढतं.

म्हणून बरीच वर्षं सगळं श्रेय जीएलपी-1 ला दिलं गेलं. मग कामाला आले छोटे उंदीर, म्हणजे माउस. त्यांच्यात हवं ते जनुक काढून टाकता येतं. ज्या माउसमध्ये जीएलपी-1 ची खबर घेणारा रिसेप्टरच नव्हता, त्यांच्यावर स्लीव्ह केलं. त्यांनाही फायदा झाला. म्हणजे जीएलपी-1 मदत करतं, पण सगळा खेळ त्याच्यावर नाही.

पुढची दहा वर्षं एकेका शक्यतेला असंच तपासण्यात गेली. 2014 मध्ये दिसलं, की पित्तातल्या आम्लांची जाणीव घेणारा एफएक्सआर नावाचा रिसेप्टर नसलेल्या माउसमध्ये स्लीव्हचा परिणाम टिकत नाही. पित्त हे चरबी पचवणारं द्रव आहे असं आपण शाळेत शिकलो. ते शरीराला संदेशही देतं हे इथं उघड झालं. 2013 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना बायपास झालेल्या उंदरांत आणखी एक गोष्ट सापडली. वर ओढून जोडलेला आतड्याचा भाग नव्या कामामुळं जाड होतो आणि स्वतःच्या वाढीसाठी रक्तातली साखर भराभर वापरू लागतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं बायपास झालेल्या माउसच्या आतड्यातले जिवाणू जंतुमुक्त वाढवलेल्या, ऑपरेशन न झालेल्या माउसमध्ये सोडले आणि त्यांचं वजन उतरलं.

मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा प्रयोग मात्र 2012 चा आहे. टोरांटोच्या संशोधकांनी इन्सुलिन जवळजवळ न बनणाऱ्या उंदरांवर ड्युओडेनम वगळणारं ऑपरेशन केलं. दोन दिवसांत साखर उतरली, इन्सुलिन न वाढता, खाणं किंवा वजन न बदलता. पुढच्या आतड्याला अन्न लागलं की तिथून मेंदूला संदेश जातो आणि मेंदू यकृताला साखर कमी बनवायला लावतो, असं त्यांनी दाखवलं. रात्रभर उपाशी राहूनही सकाळची शुगर जास्त का, असं आपल्याकडं कितीतरी लोक हैराण होऊन विचारतात. ती साखर बहुतेक यकृतानं रात्री बनवलेली असते. त्या यकृतावर आतड्याचाही ताबा आहे, हे समजणं मोठी गोष्ट आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

आता हातचं न राखता दुसरी बाजू सांगतो. मोठ्या पांढऱ्या उंदराला पित्ताशयच नसतं. पित्त सतत थेट आतड्यात झिरपत राहतं. त्याच्या जठराची रचना वेगळी. गोटो-काकिझाकी उंदराला मधुमेह होतो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळं. आपल्यासारखा बैठ्या कामामुळं, वयामुळं आणि वाढत्या पोटामुळं नाही. आणि ऑपरेशनच्या वेळी तो तरुण असतो. आपल्याकडं ऑपरेशनचा विचार करणारा माणूस दहा-पंधरा वर्षं शुगर सांभाळून, गोळ्यांवरून इन्सुलिनवर आलेला असतो. त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बऱ्याच थकलेल्या असतात. जठर तसंच ठेवून फक्त ड्युओडेनम वगळायचं ऑपरेशन माणसांत करून पाहिलं गेलं, तेव्हा उंदरांइतका झळझळीत परिणाम मिळाला नाही.

उपासमारीचा मुद्दाही माणसांत उंदरांपेक्षा जास्त खरा ठरला. 2011 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात मधुमेहींना दिवसाला फक्त 600 कॅलरींच्या आसपास आहार दिला, तेव्हा आठवडाभरात त्यांची उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली. ऑपरेशन नाही, काही नाही. 2020 मध्ये अमेरिकेत लठ्ठ मधुमेहींचे दोन छोटे गट तपासले. एकानं बायपासनं आणि दुसऱ्यानं फक्त आहारानं वजन सारखंच, सुमारे 18 टक्के घटवलं. दोन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी होती. म्हणजे माणसांत वजन घटण्याचा वाटा खूप मोठा आहे. माझं मत असं, की दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. आतडं साखरेच्या कारभारात थेट हात घालतं, हे उंदरांनी पक्कं दाखवलं. लठ्ठ माणसात मात्र सगळ्यांत मोठं बळ वजन उतरण्याचं आहे, आणि आहारानं 18 टक्के वजन उतरवून ते वर्षानुवर्षं टिकवणं फार थोड्यांना जमतं. ऑपरेशनचं खरं सामर्थ्य त्या टिकण्यात आहे.

उंदरांच्या वेदनेबद्दल न बोलता पुढं जाणं मला योग्य वाटत नाही. शॅम गटातल्या उंदरांचं पोट त्यांच्या काडीच्याही फायद्यासाठी उघडलेलं नसतं. दोनदा ऑपरेशन झालेल्या उंदरांनी दोनदा सोसलं. भारतात यावर 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्रयोगांच्या देखरेखीचे 1998 चे नियम लागू आहेत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते; भूल, वेदनाशामक आणि प्राण्यांची संख्या यांचा हिशेब द्यावा लागतो. 1959 मध्ये रसेल आणि बर्च यांनी सांगितलेली तीन सूत्रं आज जगभर मानली जातात: शक्य असेल तिथं प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरा, संख्या कमीत कमी ठेवा, त्रास कमीत कमी होऊ द्या. आतडी, यकृत, स्वादुपिंड आणि मेंदू यांचा एकमेकांशी चाललेला व्यवहार अजून परीक्षानळीत मांडता येत नाही. म्हणून हे प्रयोग झाले. त्यांतून मिळालेलं ज्ञान नीट समजून वापरणं, निदान एवढं तरी आपण त्या मुक्या जिवांचं देणं लागतो.

मग कोल्हापूरच्या माणसानं काय समजायचं?

सडपातळ उंदीर आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं हे दाखवून दिलं आहे, की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आत चरबी बाळगून असतो. 2004 मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढं आलेलं आणि शुगर दोनशेच्या वर, अशी माणसं आपल्या प्रत्येक पेठेत आहेत.

म्हणूनच 2016 मध्ये मधुमेहासाठीच्या ऑपरेशनबद्दल 45 आंतरराष्ट्रीय संघटनांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा 2.5 नं खाली ठेवली. त्यानुसार आपल्यासाठी हिशेब असा होतो: टाइप 2 मधुमेह असेल आणि बीएमआय 37.5 किंवा जास्त असेल तर ऑपरेशनची शिफारस. 32.5 च्या वर असेल आणि योग्य उपचारांनीही साखर ताब्यात येत नसेल तरी शिफारस. 27.5 ते 32.5 मध्ये असेल आणि इंजेक्शनांसह सगळं करूनही साखर हटत नसेल तर विचार करता येतो. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा बीएमआय 27.5 होतो तो साधारण 75 किलो वजनाला. विम्याचे निकष मात्र याहून कडक आहेत. आरोग्य विम्यात हे ऑपरेशन बसायला बीएमआय 40, किंवा ताब्यात न येणाऱ्या मधुमेहासारखा गंभीर आजार असेल तर 35 लागतो. डॉक्टरांनी सल्ला दिला म्हणून विमा पैसे देईलच असं धरून चालू नका.

27.5 च्या खालच्या, खरोखर सडपातळ मधुमेहीला ऑपरेशनची शिफारस या सूचनांत नाही. उंदरांत जमलं म्हणून बारीक माणसाचं आतडं कापायला कोणी निघत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. टाइप 1 मधुमेहासाठीही, म्हणजे ज्यात स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्यासाठीही, हे ऑपरेशन नाही.

फायदा किती काळ टिकतो? 2017 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या, ऑपरेशन आणि औषधं यांची तुलना करणाऱ्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6 किंवा त्याखाली आणणं हे कडक उद्दिष्ट होतं. ते बायपास झालेल्या 29 टक्के, स्लीव्ह झालेल्या 23 टक्के आणि फक्त औषधं घेणाऱ्या 5 टक्के लोकांना गाठता आलं. 2021 मध्ये रोममधल्या अशाच चाचणीचा दहा वर्षांचा निकाल आला. ऑपरेशन झालेल्यांपैकी 37.5 टक्के लोक दहा वर्षांनीही मधुमेहमुक्त होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत साखर परत आली, पण ती सांभाळणं आधीपेक्षा सोपं झालं होतं. 'शुगर मुळासकट जाते' असं सांगणाऱ्यानं हे आकडे समोर ठेवायला हवेत. डॉक्टर याला रेमिशन म्हणतात, म्हणजे आजार शांत झालेला. तो परत येऊ शकतो, त्यामुळं तपासणी सुटत नाही.

ज्यांना मधुमेह होऊन थोडीच वर्षं झाली आहेत, जे अजून इन्सुलिनवर गेलेले नाहीत आणि ज्यांचं स्वादुपिंड अजून इन्सुलिन बनवतंय, त्यांना फायदा जास्त मिळतो. स्वादुपिंड किती बनवतंय हे सी-पेप्टाइड नावाच्या रक्ताच्या तपासणीतून कळतं. ऑपरेशनचा सल्ला मिळाला आणि ही तपासणी झालेली नसेल, तर ती मागा. बायपास सुचवलंय की स्लीव्ह, आणि माझ्या बाबतीत तेच का, हेही विचारा.

नंतरचं आयुष्यही समजून घ्या. बायपासनंतर लोह, कॅल्शियम आणि बी-12 नीट शोषले जात नाहीत; गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शाकाहारी माणसानं बी-12 कडं जास्तच लक्ष द्यावं. गोड एकदम खाल्लं तर घाम, धडधड, मळमळ असा त्रास होतो. आणि 'साखर बंद, पण गूळ चालतो' हा आपला लाडका समज इथंही सोडावा लागतो. कोल्हापुरी गुळाचा मला अभिमान आहे, पण त्यातही मुख्यतः साखरच असते. दारू बायपासनंतर झपाट्यानं रक्तात भिनते. जेवणानंतर दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली येऊन चक्कर येण्याचा त्रासही काहींना होतो. मटणाचं ताट पूर्वीसारखं एका बैठकीत संपत नाही. थोडं थोडं, नीट चावून, आधी मटणाचे तुकडे किंवा डाळ-अंडी आणि भाकरी नंतर, अशी सवय लावून घ्यावी लागते.

उंदरांच्या प्रयोगांतून कापाकापीशिवायचे उपायही निघू लागले आहेत. ड्युओडेनमच्या आतून प्लास्टिकची पातळ नळी बसवायची, म्हणजे अन्न त्याच्या भिंतीला लागणार नाही, ही कल्पना आधी उंदरांत आणि मग माणसांत तपासली गेली. साखर उतरली, पण काही रुग्णांच्या यकृतात पू झाल्यानं 2015 मध्ये अमेरिकेतली चाचणी थांबवावी लागली. आता तोंडावाटे दुर्बीण घालून ड्युओडेनमचा आतला थर उष्णतेनं काढायचा आणि त्या जागी नवा थर येऊ द्यायचा, अशा पद्धतीच्या चाचण्या चालू आहेत. ज्या जागेकडे 2006 मध्ये त्या उंदरांनी बोट दाखवलं, उपचार आता थेट तिथंच पोचू पाहत आहेत.